संगणकाचे शिल्पकार : ॲलन ट्यूरिंग

१९२६ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. इंग्लंडमध्ये मोठा संप चालू होता. आगगाड्या बंद होत्या. तेरा वर्षांचा एक मुलगा साउदॅम्प्टन बंदरावर बोटीतून उतरला. त्याला शेरबोर्न गावच्या नव्या शाळेत जायचे होते. शाळा सुमारे १०० किलोमीटर दूर होती. तो गाडीची वाट पाहत बसला नाही. त्याने आपली सायकल घेतली, रात्री वाटेत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर झाला. साधने थोडी असली, तरी डोके चालवून काम पार पाडायचे, ही त्याची सवय जन्मभर टिकली. हा मुलगा म्हणजे थोर गणिती ॲलन ट्यूरिंग.

ट्यूरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील आपल्या देशात मद्रास इलाख्यात सरकारी अधिकारी होते. आईवडील भारतात आणि मुले इंग्लंडमध्ये, असे त्यांचे बालपण गेले. पुढे ते केंब्रिज विद्यापीठात गणित शिकले. १९३६ मध्ये त्यांनी एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यात त्यांनी एका काल्पनिक यंत्राची कल्पना मांडली. प्रत्येक कामासाठी वेगळे यंत्र नको. यंत्र एकच असावे, आज्ञा बदलल्या की त्याने दुसरे काम करावे. आजचा संगणक याच तत्त्वावर चालतो.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मन सैन्याचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामात ट्यूरिंग यांनी मोठी कामगिरी केली.

युद्धानंतर, १९४५ मध्ये, ते लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे त्यांनी ‘एस’ नावाच्या संगणकाचा आराखडा तयार केला. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स ‘एडसॅक’ हा संगणक उभारण्याच्या तयारीला लागले. दोघेही हुशार होते, पण त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या.

संगणकाच्या ज्या भागांना हात लावता येतो, त्यांना हार्डवेअर म्हणतात. त्याला दिलेल्या आज्ञांना सॉफ्टवेअर म्हणतात. ट्यूरिंग यांचे मत असे, की जे काम आज्ञांनी होऊ शकते, त्यासाठी जादा भाग बसवू नयेत. विल्क्स यांना वाटे, की संगणक वापरणाऱ्याला सोपा असला पाहिजे.

दोन्ही यंत्रांत माहिती साठवण्यासाठी पाऱ्याने भरलेल्या नळ्या होत्या. या नळ्यांतून आकडे ध्वनिलहरींच्या रूपाने सतत फिरत असत. हवा असलेला आकडा नुकताच पुढे गेला, तर तो फिरून येईपर्यंत थांबावे लागे. बस चुकली, की पुढच्या बसची वाट पाहावी लागते, तसेच हे होते. एडसॅकमध्ये आज्ञा एकामागून एक, क्रमाने ठेवत. ते सोपे होते, पण वाट पाहण्यात वेळ जाई. ट्यूरिंग यांच्या पद्धतीत पुढची आज्ञा कोठे आहे, हे प्रत्येक आज्ञेतच सांगितलेले असे. ती नेमक्या वेळी हाती येईल अशा जागी ठेवायची. त्यामुळे यंत्राचा वेळ वाचे, पण आज्ञा लिहिणाऱ्याची कसोटी लागे.

एडसॅक ६ मे १९४९ रोजी सुरू झाला. त्यात सुमारे ३००० निर्वात नळ्या होत्या. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांसाठी तयार आज्ञावल्यांचा संग्रहही केलेला होता. त्यामुळे अनेकांना तो वापरता आला.

‘एस’चे काम मात्र रखडले. अशी यंत्रे चालू शकतात, हे ट्यूरिंग यांना युद्धकाळातील अनुभवावरून माहीत होते. पण ते काम गुप्त असल्याने त्यांना ते कोणाला सांगता येत नव्हते. अखेर १९४८ मध्ये ते प्रयोगशाळा सोडून मँचेस्टरला गेले. त्यांच्यामागे सहकाऱ्यांनी त्यांच्या कल्पनांवरून ‘पायलट एस’ हे लहान यंत्र बनवले. ते १० मे १९५० रोजी चालू झाले. त्यात निर्वात नळ्या होत्या सुमारे ८००. तरीही त्या काळच्या सर्वांत वेगवान संगणकांत त्याची गणना झाली.

मग कोण बरोबर होते? एकाने यंत्राचा वेळ वाचवला, दुसऱ्याने माणसाचे श्रम वाचवले. पुढे नव्या प्रकारची स्मृती आली. तिच्यात कोणताही आकडा लगेच मिळू लागला. मग आज्ञांच्या जागा जुळवण्याची गरज उरली नाही आणि विल्क्स यांची सोपी पद्धत रूढ झाली. परंतु यंत्र तेच ठेवून केवळ आज्ञा बदलून नवे काम करून घेणे, हा ट्यूरिंग यांचा विचार आज घराघरांतील मोबाइलमध्ये दिसतो.

त्यांची अखेर दुःखद झाली. समलैंगिक संबंध हा त्या काळी इंग्लंडमध्ये गुन्हा होता. त्या कायद्याखाली १९५२ मध्ये त्यांना शिक्षा झाली. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या अवघ्या ४१व्या वर्षी, विषामुळे त्यांचा मृत्यू झाला. देशाची सेवा करणाऱ्या या माणसाची ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये जाहीर माफी मागितली. २०१३ मध्ये राणीने त्यांची शिक्षा माफ केली.

संगणकशास्त्रातील सर्वोच्च पुरस्कार १९६६ पासून ट्यूरिंग यांच्या नावाने दिला जातो. दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये, तो मॉरिस विल्क्स यांना मिळाला.