सावलीतला पेशवा : सवाई माधवराव

चाळीस दिवसांचं तान्हं बाळ राज्य काय चालवणार? पण १७७४ साली पुरंदर किल्ल्यावर अशाच एका बाळासाठी साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं आली. ते बाळ म्हणजे सवाई माधवराव.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. वडील नारायणराव यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजीच शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला होता. चुलत आजोबा रघुनाथराव गादीसाठी टपलेले. तेव्हा नाना फडणवीस, सखारामबापू, हरिपंत फडके वगैरे मंडळी एकत्र आली आणि त्यांनी बाळाच्या नावाने कारभार हाती घेतला. हेच ते बारभाईंचं कारस्थान. रघुनाथराव इंग्रजांना जाऊन मिळाले, युद्ध पेटलं, ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटलं. बारभाई नसते तर गादी गेलीच असती, हे मान्य करायलाच हवं.

पण बाळ मोठं झालं तरी कारभार नानांकडेच राहिला. आई गंगाबाई १७७७ मध्येच वारल्या होत्या. उत्तरेत महादजी शिंदे सर्वेसर्वा, शिवाय होळकर, नागपूरकर भोसले, गायकवाड ही घराणी आपापल्या मुलखात जवळपास स्वतंत्र. म्हणजे छत्रपतींवर पेशव्यांची सावली आणि पेशव्यांवर कारभाऱ्यांची! १७९२ मध्ये महादजी पुण्यात आले. तरुण पेशव्यांना आपल्या बाजूला ओढण्याची नाना आणि महादजी यांची चढाओढ लागली. १७९४ मध्ये महादजी वारले आणि नानांना तोलामोलाचा कुणी उरला नाही.

आपल्या घनसावंगीहून बीडमार्गे जामखेड तालुक्यात गेलं की खर्डा लागतं. मार्च १७९५ मध्ये तिथे शिंदे, होळकर, भोसले सगळे एका निशाणाखाली लढले आणि निजामाचा पराभव झाला. दौलताबादचा किल्ला देण्याचं निजामाने कबूल केलं. पेशवे स्वतः मोहिमेवर होते, पण सूत्रं नानांच्याच हाती.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि २७ तारखेला वारले. तापाच्या भ्रमात तोल गेला की जीवच नकोसा झाला होता, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. वय अवघं २१. आपल्याकडे फायनल इयरला असतो ना, तेवढंच!

वारस नव्हता. मग वर्षभर गादीवरून राजकारण रंगलं, शेवटी दुसरे बाजीराव आले आणि १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली. नानांनी राज्य वाचवलं, यात शंका नाही. पण ज्याच्यासाठी वाचवलं, त्याला ते चालवायला मात्र कधी शिकवलंच नाही.