ख्याल मिरजेला आणणारे बुवा

सातारा-सांगलीच्या मैफलींत ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल आज घरचा म्हणून ऐकला जातो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र तो या मुलखाला परका होता. शिकायचा तर मुलूख सोडून उत्तरेकडे जावे लागे आणि गेल्यावरही विद्या हाती लागेलच, याची शाश्वती नसे. १८४९ मध्ये जन्मलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती वाट धरली.

वडील रामचंद्रबुवा स्वतः गाणारे. आईचे छत्र मात्र लवकर हरपले. गाण्याच्या ओढीने घराबाहेर पडलेला हा मुलगा माळव्यातील धारला देवजीबुवा परांजपे यांच्याकडे पोहोचला. गुरूच्या घरी पडेल ते काम करायचे आणि कानावर येईल ते टिपून घ्यायचे, अशी तेव्हाची रीत. कष्टांना त्याची ना नव्हती. पण गुरुपत्नीची मर्जी बसली नाही आणि ते घर सोडावे लागले. शिकणाऱ्याच्या वाट्याला याहून मोठी निराशा क्वचितच येते. पुढे हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांनी त्याला ग्वाल्हेरला पदरात घेतले. शिष्य मराठी, गुरूही मराठी आणि विद्या मात्र ग्वाल्हेरच्या खाँसाहेबांची, असा हा योग होता.

तयार होऊन बुवा मुंबईत आले. तेथे त्यांनी गायन समाज स्थापन केला, 'संगीत दर्पण' हे मासिकही चालवले. पण दमा जडला. दमसासावर जगणाऱ्या गवयाला याहून क्रूर व्याधी कोणती? मुंबई सुटली. औंध, मिरज आणि अखेरीस इचलकरंजी येथे त्यांना आश्रय मिळाला.

मिरजेत त्यांच्यापुढे विष्णू दिगंबर पलुस्कर येऊन बसले. कुरुंदवाडच्या या मुलाची दृष्टी फटाक्याच्या अपघातात अधू झाली होती. पोथ्यापुस्तकांची वाट बंद झाल्याने तो गाण्याकडे वळला होता. १८९६ मध्ये त्याने मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. विद्या मागत गुरूला जेथे दारोदार फिरावे लागले, तेथे शिष्याने वर्ग भरवून ती शिकवली. अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा, गुंडूबुवा इंगळे हेही बाळकृष्णबुवांचेच शिष्य. यांतील अंतूबुवा जोशी पुढे औंध दरबारचे गवई झाले आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी ती तालीम पुढच्या पिढीला दिली.

बुवांच्या स्वतःच्या घरात मात्र ती टिकली नाही. गाण्यात तयार झालेला मुलगा अण्णाबुवा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर १९२६ मध्ये बुवांनीही देह ठेवला.