क्लाउड्स हिलच्या वाटेवरील दगड

इंग्लंडच्या दक्षिणेस, डॉर्सेट परगण्यात, बोव्हिंग्टन नावाची लष्करी छावणी आहे. तेथून क्लाउड्स हिल या एका लहानशा घराकडे जो रस्ता जातो त्याच्या कडेला एक छोटासा स्मृतिपाषाण उभा आहे. अपघातात मेलेल्या माणसाची खूण त्या जागीच ठेवावी, ही रीत जगात बहुतेक सर्वत्र आढळते. कोठे लाकडी क्रूस असतो, कोठे फुलांची जुडी, तर कोठे शेंदूर फासलेला दगड. येणारा-जाणारा क्षणभर तिकडे पाहतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. खाली कोण गेले हे त्याला बहुधा ठाऊक नसते. डॉर्सेटमधील या दगडाचे तसे नाही. तो पाहण्यासाठी लोक मुद्दाम दुरून येतात, कारण तो टी. ई. लॉरेन्सचा आहे. अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून जग ज्याला ओळखते तोच हा. १३ मे १९३५ रोजी येथे तो मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी, शुद्धीवर न येताच, मरण पावला.

लॉरेन्सच्या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व त्याच्यावर निघालेला चित्रपट तर अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या मरणातून पुढे काय निष्पन्न झाले, याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. जो माणूस आयुष्यभर आपले नाव पुसू पाहत होता त्याचे नाव त्या वाटेवर कायम राहिले; आणि त्याच्या मरणाचा ज्यांना लाभ झाला ते लक्षावधी लोक मात्र अनामच राहिले.

नावाचा हा घोळ त्याच्या जन्मापासूनचा आहे. १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधील ट्रेमाडॉग येथे त्याचा जन्म झाला. वडील थॉमस चॅपमन हे आयर्लंडमधील जमीनदार. पत्नी व चार मुली यांना सोडून ते मुलींच्या शिक्षिकेबरोबर निघून गेले आणि दोघांनी लॉरेन्स हे आडनाव धारण केले. त्यांना पाच मुलगे झाले. त्यांतील हा दुसरा. विवाहबंधनावाचून जन्मलेल्या मुलाकडे त्या काळचा इंग्रजी समाज कोणत्या दृष्टीने पाहत असे, हे सांगावयास नको. ऑक्सफर्डमध्ये सभ्य कुटुंब म्हणून वावरणाऱ्या या घरातील गुपित लॉरेन्सला लहानपणीच कळले होते. आपले आडनाव आपले नाही, ही जाणीव घेऊनच तो वाढला.

ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात त्याने इतिहासाचा अभ्यास केला. धर्मयुद्धकाळातील किल्ल्यांवर प्रबंध लिहावयाचा म्हणून १९०९ च्या उन्हाळ्यात तो सीरियात पायी हिंडला. ही पायपीट सुमारे एक हजार मैलांची होती. पुढे १९११ पासून महायुद्धापर्यंत युफ्रेटिस नदीकाठी कार्केमिश येथे ब्रिटिश म्युझियमच्या उत्खननावर त्याने काम केले. मजुरांबरोबर राहून तो अरबी बोलू लागला, त्यांचे रुसवेफुगवे सोडवू लागला. त्याच्या पुढील यशाचे मूळ या चार वर्षांत आहे. युद्धशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. त्याला माणसे ठाऊक होती.

१९१४ च्या अखेरीस तो कैरोच्या लष्करी हेरखात्यात दाखल झाला. पुढच्या एका प्रसंगाचा संबंध थेट आपल्याकडील माणसांशी येतो. मेसोपोटेमियात कुत येथे जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. ही फौज म्हणजे हिंदी लष्कराची सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणींचे जवानही होते. उपासमारीने ती टेकीस आली तेव्हा तुर्की सेनापती खलील पाशाला वीस लक्ष पौंडांपर्यंत रक्कम देऊ करून तिची सुटका साधावी, या कामगिरीवर जे अधिकारी पाठविले गेले त्यांत लॉरेन्स होता. खलीलने ती रक्कम झिडकारली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोक शरण गेले आणि त्यांतील कित्येक हजार तुर्कांच्या कैदेत मेले. लॉरेन्सच्या चरित्रांत ही कथा दोन-चार परिच्छेदांत आटोपते. त्या जवानांच्या घरी ती तशी आटोपली नसणार.

जून १९१६ मध्ये मक्केचा शरीफ हुसेन याने तुर्की सत्तेविरुद्ध बंड पुकारले. ऑक्टोबरात लॉरेन्स हेजाझमध्ये उतरला आणि हुसेनचा पुत्र फैझल याच्याशी त्याचे सूर जुळले. पुढील दोन वर्षांचा इतिहास सर्वश्रुत आहे. हेजाझ रेल्वेचे पूल व रूळ सुरुंग लावून उडविणे, तुर्की फौजांना वाळवंटभर गुंतवून ठेवणे, ६ जुलै १९१७ रोजी मागच्या बाजूने वाळवंट ओलांडून येऊन अकाबा बंदर घेणे आणि १ ऑक्टोबर १९१८ रोजी दमास्कसमध्ये प्रवेश करणे, ही त्यातील ठळक स्थळे. याचे सारे श्रेय एकट्या लॉरेन्सला देण्याची पद्धत पश्चिमेत रूढ झाली. ती अरबांना मान्य नाही आणि ती खरीही नाही. अकाब्यावरील स्वारीत टोळीप्रमुख औदा अबू ताई याचा वाटा फार मोठा होता, आणि बंडाचे धुरीणत्व फैझल व त्याच्या बांधवांकडे होते. सोने, सुरुंग आणि कैरोशी संधान ही लॉरेन्सची कामगिरी; पण त्याहूनही मोलाचे होते ते परस्परांशी न पटणाऱ्या टोळ्यांना एकत्र ठेवण्याचे कसब.

या यशातच त्याच्या दुःखाचे बीज होते. मे १९१६ मध्येच ब्रिटन व फ्रान्स यांनी साइक्स-पिको करार करून अरब मुलूख आपसांत वाटून घेण्याचे ठरविले होते. अरबांना स्वातंत्र्याच्या आशेवर लढविताना लॉरेन्सला या कराराची माहिती होती. आपण विश्वासघाताचे साधन झालो, ही टोचणी त्याच्या लेखनात वारंवार येते. साम्राज्याचे दंश सोसलेल्या आपल्यासारख्यांना त्याच्या या पश्चात्तापाविषयी थोडी शंका वाटली तर ते स्वाभाविक आहे. टोचणी असूनही काम त्याने पुरे केलेच. तथापि १९१८ मध्ये राजा पाचवा जॉर्ज याने देऊ केलेले सन्मान त्याने नाकारले, हे खरे. पॅरिसच्या तह परिषदेत तो फैझलच्या बाजूने झगडला. जुलै १९२० मध्ये फ्रेंचांनी फैझलला दमास्कसमधून हाकलले. पुढील वर्षी चर्चिलच्या कैरो परिषदेत लॉरेन्सने भाग घेतला, आणि फैझलला इराकची गादी मिळाली. आपल्याकडून शक्य तेवढी भरपाई झाली, असे त्याने मानले.

एव्हाना लोवेल टॉमस या अमेरिकन पत्रकाराने सचित्र व्याख्याने देऊन त्याला घरोघरी पोहोचविले होते. ऑगस्ट १९२२ मध्ये हा माजी कर्नल जॉन ह्यूम रॉस या नावाने हवाई दलात अगदी खालच्या दर्जाचा शिपाई म्हणून भरती झाला. वृत्तपत्रांनी त्याला हुडकले आणि त्याला नोकरी सोडावी लागली. मग टी. ई. शॉ या नावाने तो रणगाडा दलात शिरला. बोव्हिंग्टन छावणीशी त्याचा संबंध आला तो तेव्हा, आणि जवळचे क्लाउड्स हिल हे पडके घर त्याने घेतले तेही त्याच काळात. १९२५ मध्ये त्याला हवाई दलात परत घेतले गेले. वाळवंटातील युद्धावरचा ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’ हा त्याचा ग्रंथ १९२६ मध्ये वर्गणीदारांपुरता निघाला, आणि लगेच तो हिंदुस्थानात आला. १९२७ च्या जानेवारीत तो तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कराचीस पोहोचला आणि पुढे वझिरिस्तानात मिरानशाह येथे कारकुनी करू लागला. त्याच सुमारास अफगाणिस्तानात अमानुल्लाविरुद्ध उठाव झाला आणि त्यामागे लॉरेन्सचा हात असल्याची आवई उठली. तो मिरानशाह येथे होमरच्या ‘ओडिसी’चे इंग्रजी भाषांतर करीत होता. सरकारने मात्र त्याला घाईने माघारी बोलावले. जानेवारी १९२९ मध्ये मुंबईहून ‘राजपुताना’ जहाजाने तो परतला.

त्यानंतर त्याने केलेले काम बहुतेक चरित्रकार घाईने ओलांडतात. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्लिमथजवळ त्याच्या डोळ्यांदेखत हवाई दलाचे एक जलविमान समुद्रात कोसळले. हवाई दलाच्या बचाव-नौका तेव्हा अगदी संथ असत. लॉरेन्सने ते प्रकरण मनावर घेतले. वेगवान बचाव-नौकांची रचना, त्यांच्या चाचण्या, त्यांच्या यंत्रांच्या सूचनापुस्तिका यांत त्याने पुढील चार वर्षे घालविली. पुढील महायुद्धात समुद्रात पडलेल्या कित्येक वैमानिकांना ज्या नौकांनी बाहेर काढले त्या याच परंपरेतील. एका अपघाताकडे केवळ शोकाने न पाहता, असा प्रसंग पुन्हा आल्यास काय करावे हे शोधावयाचे, ही दृष्टी त्याच्याजवळ होती. ती स्वतःच्या मोटारसायकलीपुरती मात्र नव्हती.

वेगाचे त्याला वेड होते. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफ याने बांधलेल्या ब्रफ सुपीरियर जातीच्या सात गाड्या त्याने एकामागून एक वापरल्या, आठवी तयार होत होती. फेब्रुवारी १९३५ मध्ये हवाई दलातून निवृत्त होऊन तो क्लाउड्स हिलला राहावयास आला. १३ मे रोजी हेन्री विल्यमसन या लेखकमित्राला जेवणाचे आमंत्रण देणारी तार करण्यासाठी तो छावणीत गेला. परतताना रस्त्याच्या खोलगट भागापलीकडे दोन मुले सायकलींवरून जात होती. ती ऐन वेळी दिसताच त्यांना चुकविण्यासाठी त्याने गाडी वळविली आणि तो पुढे फेकला गेला. डोक्यावर काहीही नव्हते. मुले वाचली. त्या वेळी तेथून एक काळी मोटार गेल्याचे एका साक्षीदाराने सांगितले, आणि त्यावरून घातपाताच्या कथा अजूनही रचल्या जातात. त्यांत तथ्य नसावे. मोठा माणूस असा क्षुल्लक कारणाने मरतो, हे लोकांना पटत नाही एवढेच. १९ मे रोजी बोव्हिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात तो मरण पावला. वय अवघे ४६. मोरटन गावी त्याचे दफन झाले तेव्हा चर्चिल उपस्थित होते. कायद्याने त्याने १९२७ मध्ये शॉ हे नाव घेतले होते. थडग्यावर मात्र लॉरेन्स हेच नाव कोरले गेले.

त्याच्या उशाशी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला आले आणि बोस्टनला हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली शिकले. या रुग्णासाठी त्यांना काहीच करता आले नाही. असे रुग्ण प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला येतात आणि बहुतेक विसरले जातात. केर्न्स विसरले नाहीत. महायुद्ध सुरू होताच लष्कराचे शेकडो निरोपे मोटारसायकलींवरून, दिवे मालवलेल्या रस्त्यांनी, रात्री-बेरात्री धावू लागले आणि ऑक्सफर्डच्या रुग्णालयात डोकी फुटलेले तरुण येऊ लागले. केर्न्स यांनी मोजणी आरंभिली. १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील आकडे बोलके आहेत. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये १,८८४ मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी मेले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९. रस्त्यांवरील वाहतूक कमी झालेली असूनही ही वाढ झाली. मृत्यूचे प्रमुख कारण डोक्याची इजा. शिरस्त्राण घातलेले अपघातग्रस्त त्यांच्या पाहण्यात अवघे सात आले, आणि ते सातही जगले.

सात हा आकडा शास्त्रीय सिद्धतेला तोकडा आहे, हे केर्न्स यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला काय सांगावे? पण लष्कराने वाट पाहिली नाही. नोव्हेंबर १९४१ पासून निरोप्यांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. १९४६ मध्ये केर्न्स यांनी पुन्हा आकडे मांडले, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण उतरल्याचे दिसून आले. १९५२ मध्ये, ५६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सर्वसामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये कायदा झाला तो जून १९७३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी. तोही निर्वेधपणे अमलात आला नाही. डोके माझे, जोखीम माझी, या तत्त्वासाठी एका वृद्धाने पुनःपुन्हा तुरुंगवास पत्करला आणि १९८४ मध्ये तुरुंगातच त्याचा अंत झाला. त्या तत्त्वाची थट्टा करावी असे वाटत नाही. लॉरेन्स हयात असता तर तोही बहुधा याच बाजूस गेला असता.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने दुचाकीस्वाराला, आणि त्याच्यामागे बसणाऱ्यालाही, शिरस्त्राण आवश्यक ठरविले. पुणेकरांचा या सक्तीला असलेला विरोध तर आता शहराच्या परंपरेचा भाग झाला आहे; मोहीम सुरू झाली की समित्या स्थापन होतात, मोर्चे निघतात, उकाड्याची आणि मानेच्या दुखण्याची कारणे पुढे येतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. शिरस्त्राण न घातलेले दुचाकीवरील मृत त्यांत सुमारे ५० हजार होते. त्यांपैकी १४ हजारांवर लोक गाडी चालवीत नव्हते. ते मागे बसले होते.