माथेउस मेरियन : तांब्याच्या पत्र्यावर इतिहास कोरणारे

स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात 1529 साली लोकांनी उपासनामंदिरांतील मूर्ती व चित्रे फोडून टाकली. दुसरी आज्ञा मोडली जात आहे, अशी त्यांची खात्री होती. त्याच शहरात, सुधारणेच्या शिकवणीत वाढलेल्या लोकांमध्ये, 22 सप्टेंबर 1593 रोजी माथेउस मेरियन यांचा जन्म झाला. त्यांचे वडील लाकूड कापण्याच्या गिरणीचे मालक होते.

तरुणपणी त्यांनी झुरिक येथे ताम्रपटावर चित्र उतरविण्याची कला शिकून घेतली. तांब्याच्या पत्र्याला मेणाचा लेप द्यावयाचा, त्यावर सुईने रेघा ओढावयाच्या आणि मग तो तेजाबात ठेवावयाचा. जेथे मेण खरवडले असेल तेथे तेजाब तांबे खाते. त्या चरांत शाई भरून पत्रा वरून स्वच्छ पुसतात व ओला कागद ठेवून रुळाखाली दाबतात. लाकडी ठशांपेक्षा या कामात रेघ फार बारीक येते. नांसी, पॅरिस इत्यादी ठिकाणी काम करून मेरियन जर्मनीत आले. 1617 साली दे ब्री या प्रसिद्ध प्रकाशक घराण्यातील मारिया माग्दालेना हिच्याशी त्यांचा विवाह झाला. 1623 साली सासरे वारल्यावर पुढे फ्रँकफुर्ट येथील व्यवसाय त्यांच्याकडे आला.

हा काळ मोठ्या संकटाचा होता. 1618 ते 1648 अशी तीस वर्षे जर्मनीत युद्ध चालले. ख्रिस्ताचे नाव घेणारेच एकमेकांची गावे जाळीत होते. फ्रँकफुर्टमध्ये ल्यूथरपंथीयांची सत्ता असल्यामुळे मेरियन यांच्या पंथाच्या लोकांना शहरात स्वतःचे उपासनामंदिरही नव्हते. अशा दिवसांत त्यांनी पवित्र शास्त्रातील प्रसंगांची चित्रे कोरली. 1630 साली स्ट्रासबुर्ग येथे ल्यूथरच्या भाषांतराचे शास्त्र निघाले, त्यात त्यांची दोनशेहून अधिक चित्रे छापली गेली.

याच सुमारास गॉटफ्रीड नावाच्या लेखकाचा जगाचा इतिहास त्यांनी खंडशः प्रसिद्ध केला. उत्पत्तीपासून सुरू होणाऱ्या या ग्रंथाची मांडणी दानीएलाच्या पुस्तकातील चार राज्यांप्रमाणे आहे. बाबेल, पारस, ग्रीस व रोम ही राज्ये उदयास आली व लयास गेली, हे वाचकांना शेकडो चित्रांतून दिसले. ज्यांना लॅटिन येत नव्हते, अशांच्याही घरी आता हानिबल व सीझर आले. स्वतःच्या डोळ्यांदेखत राज्ये कोसळत असताना नबुखद्नेस्सराच्या स्वप्नातील पुतळा त्या वाचकांना जुनी गोष्ट वाटली नसेल.

मात्र मेरियन यांनी पॅलेस्टाईन कधी पाहिले नव्हते. त्यांच्या चित्रांतील झाडी, डोंगर व घरे पुष्कळदा युरोपातलीच आहेत. म्हणून ती चित्रे प्राचीन काळाचा पुरावा नव्हेत. प्रसंग समजावा, लक्षात राहावा, यासाठी ती शब्दाच्या शेजारी ठेवलेली आहेत. वेदीवर चित्र ठेवून त्यास नमन करणे आणि पुस्तकात चित्र पाहून वचनाकडे वळणे यांत जे अंतर आहे, ते त्यांच्या कामात दिसते.

19 जून 1650 रोजी, वयाच्या 56व्या वर्षी, श्वालबाख या उष्ण झऱ्यांच्या नव्हे तर औषधी पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी ते मरण पावले. त्यांच्या मुलांनी छापखाना पुढे चालविला. धाकटी कन्या मारिया सिबिला तेव्हा तीन वर्षांची होती. पुढे कीटक व फुलपाखरे यांच्या अभ्यासाने तिने मोठे नाव मिळविले. 1695 साली आम्स्टरडॅम येथील यहुदी लोकांच्या वल्हांडण विधीच्या पुस्तकासाठी मेरियन यांच्याच चित्रांचा आधार घेण्यात आला. त्यानंतरच्या शतकात फ्रँकफुर्टमध्ये वाढलेल्या गटे या कवीने बालपणी त्यांचे सचित्र शास्त्र व तो इतिहासग्रंथ पाहिला, आणि म्हातारपणी लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांची आठवण नोंदविली.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकबंधुभगिनींनो, लहानपणी पाहिलेले चित्र असे आयुष्यभर टिकते. वर्गात चित्र दाखविताना शास्त्र उघडेच ठेवा. चित्रात काय आहे व वचनात काय आहे, हे मुलांना स्वतः ताडून पाहू द्या. चित्र भिंतीवरून उतरले तरी वचन त्यांच्या अंतःकरणात राहो.