गाडगेबाबांची दुसरी लढाई

गाडगेबाबा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? हातात खराटा, डोक्यावर खापर आणि ग्रामस्वच्छता अभियान. पण मित्रांनो, बाबांची आणखी एक लढाई होती, मुक्या जनावरांसाठीची.

आपल्या उमरीकडे आखाडात मरीआईला कोंबडं, नवसाला बकरं, कुठे कंदुरी, हे तुम्ही पाहिलंच असेल. बाबा अशाच रूढींशी भिडले.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. दापुऱ्याला मामाकडे गुरं राखत, नांगर धरत डेबू मोठा झाला. जनावरांचा लळा तिथलाच.

पहिली ठिणगी घरातच पडली. मुलीचं बारसं होतं. अशा वेळी भाऊबंदांना दारू-मटणाचं जेवण द्यायची रीत. डेबूजींनी बकरं कापलं नाही, गोडाची पंगत वाढली. हे सोपं वाटतं? घरच्या कार्यात पाहुण्यांसमोर एकदा 'नाही' म्हणून बघा!

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. मग गावोगाव दिवसा झाडलोट, रात्री कीर्तन. देवाच्या नावाने मुका जीव का कापायचा, कर्ज काढून नवस का फेडायचा, असं ते समोरच्यांनाच विचारायचे. बाबांनी धर्म सोडायला सांगितलं नाही, धर्मातलीच दया पुढे आणली.

ती दया आपल्या मातीतही आहेच की. हिंगोलीकडच्या नरसीचे नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, पैठणच्या एकनाथांनी काशीच्या कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, या कथा आपण आजीकडून ऐकल्या. ऐकून हात जोडले, आणि जत्रेत सुरी तशीच चालू राहिली. बाबांना ही तफावत खटकायची.

आणि एक लक्षात घ्या. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, गरीब पोरांना शिक्षण आणि मुक्या प्राण्यांना अभय, हे सगळं त्यांनी एकाच यादीत ठेवलं. जनावराचा कळवळा दाखवून माणसाचा द्वेष करायचा, हे त्या यादीत बसत नाही.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ, प्रवासातच बाबा गेले. त्यांच्या नावाचं विद्यापीठ आज अमरावतीत आहे. आपण जयंतीला झाडू हातात घेतो, फोटो टाकतो. यंदा घरात नवसाचा विषय निघाला, तर बाबांचा तो प्रश्नही विचारून बघा. आजीलाच विचारा, नामदेवांची गोष्ट तिनेच तर सांगितली होती.