आंतोनिया आदेलाइद फेरेइरा

दोना आंतोनिया आदेलाइद फेरेइरा (४ जुलै, १८११ – २६ मार्च, १८९६) या पोर्तुगालमधील पोर्ट वाइनच्या उत्पादक व व्यापारी होत्या. दोउरो नदीच्या खोऱ्यातील लोक त्यांना प्रेमाने फेरेइरिन्या, म्हणजे धाकटी फेरेइरा, या नावाने ओळखत. व्हिला नोव्हा दि गाया येथील फेरेइरा घराण्याची वाइनची वखार आज पर्यटकांसाठी खुली आहे.

पार्श्वभूमी

पोर्ट ही दोउरो खोऱ्यातील द्राक्षांपासून बनणारी वाइन आहे. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचे मद्यार्क मिसळून आंबण्याची क्रिया थांबवली जाते. त्यामुळे द्राक्षांची काही साखर तशीच राहते आणि मद्यार्काचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांपर्यंत जाते. ही वाइन लाकडी पिंपांत अनेक वर्षे मुरवता येते. दोउरोच्या आतल्या भागात उन्हाळा कडक असल्यामुळे पिंपे राबेलो नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून नदीमुखाजवळील गाया येथे आणली जात. तेथील समुद्रकाठच्या थंड हवेत ती वखारींमध्ये ठेवली जात. वखारीतील हा जुना साठा हेच व्यापाऱ्याचे खरे भांडवल असे. आंतोनिया यांच्या कारकिर्दीचा उलगडाही बराचसा त्यातच आहे.

जीवन

आंतोनिया यांचा जन्म पेसो दा रेग्वा येथील सधन द्राक्ष बागायतदार कुटुंबात झाला. फेरेइरा पेढीची स्थापना १७५१ मध्ये झाली होती. इतर अनेक मोठ्या पेढ्या ब्रिटिशांच्या हाती असताना ही पेढी पोर्तुगीज मालकीचीच राहिली. १८३४ मध्ये आंतोनिया यांचा विवाह चुलत घराण्यातील आंतोनियो बेर्नार्दो फेरेइरा यांच्याशी झाला. पतीचा ओढा शेतीपेक्षा खर्चिक राहणीकडे अधिक होता. १८४४ मध्ये त्यांचे पॅरिस येथे निधन झाले आणि वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी मळे, वखार व व्यापार यांची जबाबदारी आंतोनिया यांच्यावर आली.

त्यांच्या संपत्तीकडे दरबारी मंडळींचे लक्ष होते. त्या काळी सरकारचे प्रमुख असलेले ड्यूक ऑफ सालदान्या यांनी आपल्या मुलासाठी आंतोनिया यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला, मारिया दा आसुंसाओ हिला, मागणी घातली. आंतोनिया यांनी नकार दिला. मुलीला पळवून नेण्याचा प्रयत्न झाल्यावर त्या तिच्यासह स्पेनमार्गे लंडनला गेल्या. सत्ताधाऱ्याला नकार देणे म्हणजे चालता व्यापार मागे टाकून परदेश गाठणे होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. लंडनमध्येच १८५६ साली त्यांनी आपल्या मळ्यांचे व्यवस्थापक फ्रान्सिस्को जुझे दा सिल्वा तोर्रेस यांच्याशी विवाह केला. पुढे मारियाचा विवाह आझांबुजाच्या काउंटशी झाला.

१२ मे, १८६१ रोजी दोउरोवरील काशाओ दा वालेइरा या धोकादायक ठिकाणी त्यांची होडी उलटली. तीत दोउरोचे नकाशे तयार करणारे इंग्रज व्यापारी बॅरन जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाले. पोर्टमध्ये मद्यार्क मिसळण्यास त्यांचा विरोध होता. आंतोनिया वाचल्या. घेरदार झग्यात हवा भरल्याने त्या तरंगत राहिल्या आणि फॉरेस्टर यांना कमरेच्या सोन्याच्या नाण्यांनी खाली ओढले, अशी आख्यायिका सांगितली जाते.

फिलॉक्सेरा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी भुरी रोगाने आणि नंतर मुळे खाणाऱ्या फिलॉक्सेरा या किडीने दोउरोचे मळे उद्ध्वस्त केले. अनेक कुटुंबांनी जमिनी सोडून दिल्या. आंतोनिया मात्र विकत घेत राहिल्या. भाव पडलेले असताना त्यांनी शेतकऱ्यांची वाइन घेऊन गायात साठवली. पुढे उत्पादन घटले तेव्हा हाच साठा मोलाचा ठरला. त्यामुळे त्यांना केवळ गरिबांची माउली म्हणणे अपुरे आहे. त्यांच्या खरेदीने शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला, तसाच त्यांचा स्वतःचा व्यापारही वाढला. रेग्वा, व्हिला रियाल इत्यादी ठिकाणच्या रुग्णालयांना त्यांनी मदत केली.

१८८० मध्ये तोर्रेस यांच्या निधनानंतरही त्यांनी काम थांबवले नाही. १८७७ मध्ये घेतलेल्या सुमारे ३०० हेक्टर ओसाड जमिनीवर त्यांनी किंता दो व्हाले मेआओ हा मळा उभारला. तो आजही त्यांच्या वंशजांकडे आहे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या बार्का वेल्या या प्रसिद्ध वाइनची द्राक्षे प्रथम याच मळ्यातून आली.

गाया येथील वखार

१९८७ मध्ये फेरेइरा पेढी सोग्रापे या कंपनीने विकत घेतली. वखारीत आजही पिंपांमध्ये पोर्ट मुरते. पाहुण्यांना पिंपांच्या रांगांमधून फिरवून शेवटी चव घेण्यास दिली जाते आणि तेथील दुकानात बाटल्या विकत घेता येतात. दोना आंतोनिया याच नावाची एक टॉनी पोर्टही पेढी विकते. टॉनी पोर्ट लहान पिंपांत अधिक काळ मुरते, त्यामुळे तिचा लाल रंग उतरून तपकिरी होतो. गोव्यात पोर्ट वाइन या नावाने मिळणारी गोड वाइन मात्र वेगळी आहे. युरोपीय महासंघात हे नाव दोउरो खोऱ्यातील वाइनपुरतेच राखीव आहे.