निकेलवरच्या काजळीचा शोध घेणारा रसायनतज्ज्ञ

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत नळाने येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. घन ऑक्साइड इंधनघटात त्यापासून थेट वीज मिळू शकते. मात्र घटाच्या अ‍ॅनोडमधील निकेलवर काजळी साचून तो निकामी होतो. निकेलवरच्या अशाच काजळीने एकोणिसाव्या शतकात लुडविग मॉन्ड यांना कोड्यात टाकले होते.

जर्मनीतील कासेल येथे १८३९ मध्ये जन्मलेले मॉन्ड हायडेलबर्गला बुन्सेन यांच्याकडे शिकले. पदवी मात्र त्यांनी घेतली नाही. १८६२ मध्ये ते इंग्लंडला गेले. १८७३ मध्ये जॉन ब्रूनर यांच्यासमवेत त्यांनी सोड्याचा उद्योग उभारला. हीच ब्रूनर मॉन्ड कंपनी २००५-०६ मध्ये टाटा केमिकल्सने घेतली.

१८८९ मध्ये मॉन्ड आणि कार्ल लँगर यांनी वायूवर चालणारा विद्युतघट सिद्ध केला. महागड्या प्लॅटिनममुळे तो व्यवहारात उतरला नाही. त्याच सुमारास प्रयोगशाळेत उत्तम टिकलेल्या निकेलच्या झडपा कारखान्यात काळवंडून झिजू लागल्या. केवळ झडपा बदलून मॉन्ड थांबले नाहीत. वायूत मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड हे मूळ त्यांनी शोधले. त्यातूनच १८९० मध्ये निकेल कार्बोनिल हे संयुग आणि शुद्ध निकेल मिळविण्याची रीत हाती आली. १९०९ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले.

आज अ‍ॅनोडमध्ये प्लॅटिनमची जागा निकेल-झिर्कोनियाने घेतली आहे. काजळी टाळण्यासाठी मिथेनमध्ये वाफ मिसळतात. तांबे-सेरियाचा पर्यायही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००० मध्ये दाखविला. बिघाडाच्या मुळाशी जाण्याची मॉन्ड यांची वाट अजून संपलेली नाही.